रेडकांमधील जंतविकार व निदानपरिवर्जन

पनवेल आणि आयुर्वेद यांचे नाते जुने आहे. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ साली येथेच श्री धूतपापेश्वर कारखान्याची स्थापना केली. अशा परिसरात मनुष्यचिकित्सा करणाऱ्या वैद्यालाही पशुपालक सहज विचारतो, ‘रेडकाला जंत झालेत, वावडिंग किती द्यावे?’ या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी व्याधीचे स्वरूप नीट ध्यानी घेणे आवश्यक आहे.

रेडकांच्या व वासरांच्या लहान आतड्यात आढळणारा मोठा गोल जंत म्हणजे टॉक्सोकॅरा व्हिट्युलोरम. पूर्ण वाढलेला जंत सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत लांब असतो. दुर्गंधीयुक्त, मातकट रंगाचा अतिसार, पोटशूळ, रूक्ष केस, खुंटलेली वाढ ही त्याची लक्षणे. जंतांची संख्या फार वाढल्यास आंत्रावरोध होऊन रेडकू दगावते.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील सातव्या अध्यायात कृमिचिकित्सेचे अपकर्षण, प्रकृतिविघात व निदानपरिवर्जन असे तीन टप्पे सांगितले आहेत. येथे निदानपरिवर्जनाचाच प्रश्न बिकट होतो. गोठ्यातील शेणामातीतून जंतांची अंडी म्हशीच्या पोटात जातात. त्यांतील अळ्या तिच्या शरीरात सुप्तावस्थेत राहतात आणि विण्याच्या सुमारास जाग्या होऊन दुधात उतरतात. विल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे त्या दुधावाटे रेडकात जातात. म्हणजे येथे निदान हे साक्षात मातेचे दूध आहे!

म्हणून दूध तोडावे काय? मुळीच नाही. म्हशीच्या गर्भाला वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात, तीही जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतच शोषली जातात. खरवसासाठी चीक काढण्यापूर्वी रेडकाचा वाटा त्याला मिळालाच पाहिजे. जंतांच्या भीतीने चीक तोडल्यास जंत टळत नाहीत. रेडकाचे बळ मात्र हरपते.

या व्याधीत खरे महत्त्व काळाचे आहे. रेडकू १० ते १६ दिवसांचे असताना पायरँटेल अथवा पायपरेझीन यांसारखे औषध योग्य मात्रेत दिल्यास दुधावाटे आलेले बहुतेक जंत प्रौढ होण्यापूर्वीच नष्ट होतात. साधारण तिसऱ्या आठवड्यानंतर शेणात अंडी पडू लागतात. ती साखळी येथेच तुटते. आजच्या रेडकावरील अपकर्षण हेच उद्याच्या म्हशीचे निदानपरिवर्जन ठरते. रेडकांचे शेण रोज उचलून खड्ड्यात नीट कुजविणे, हा त्याचा दुसरा भाग.

विडंग, पलाशबीज, कंपिल्लक ही आपली मान्यवर कृमिघ्न द्रव्ये. तथापि मनुष्याच्या मात्रेवरून रेडकाची मात्रा ठरविता येत नाही. दहा दिवसांच्या रेडकाचे मोठे पोट अद्याप कार्यरत नसते. दूध थेट चौथ्या पोटात जाते. कंपिल्लक विरेचकही आहे. अतिसाराने क्षीण झालेल्या जीवास ते घातक ठरू शकते. शिवाय भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुचिकित्सा हे नोंदणीकृत पशुवैद्यकांचे क्षेत्र आहे. रेडकासाठी चूर्णाची पुडी बांधून देणे आपल्या अधिकारात नाही.

तरीही वैद्याचे कर्तव्य उरतेच. पशुपालकास प्रथम विचारावे, ‘म्हैस व्याली कधी?’ दहावा दिवस जवळ आला असेल, तर लक्षणांची वाट न पाहता रेडकास त्याच आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्यात नेण्यास सांगावे. ‘पोट फुगल्यावर बघू’ ही सवय मोडणे, एवढे कार्य प्रत्येक वैद्य आपल्या चिकित्सालयात बसून करू शकतो.