तोफेची खरेदी वेगळी, ताडपत्रीची वेगळी

लष्कराची खरेदी म्हटली की डोळ्यांसमोर विमाने, पाणबुड्या आणि हजारो कोटींचे करार येतात. पण सैन्याला रोज लागतात त्या वस्तू साध्या असतात: भाजीपाला, दूध, ताडपत्री, रंग, संगणक, गाड्यांचे सुटे भाग, यंत्रांची दुरुस्ती. हा माल पुरवू शकणारे कितीतरी लघुउद्योजक केवळ ऐकीव गोष्टींमुळे या वाटेला जात नाहीत. त्यांतल्या काही गोष्टी तपासून पाहू.

गैरसमज १: सगळी खरेदी एकाच नियमाने होते.

वस्तुस्थिती: दोन वेगळे मार्ग आहेत. युद्धनौका, रणगाडे यांसारखी भांडवली खरेदी ‘संरक्षण संपादन प्रक्रिया २०२०’नुसार होते. दैनंदिन गरजा, सुटे भाग आणि सेवा यांची महसुली खरेदी ‘संरक्षण खरेदी नियमावली’नुसार चालते. २००९ च्या नियमावलीच्या जागी १ नोव्हेंबर २०२५ पासून नवी नियमावली आली. २०२५-२६ या वर्षासाठी या महसुली खरेदीचा अंदाज सुमारे एक लाख कोटी रुपयांचा होता. केंद्र सरकारचे ‘सामान्य वित्तीय नियम २०१७’ या साऱ्याच्या मुळाशी आहेत.

गैरसमज २: ओळख किंवा दलाल असल्याशिवाय दार उघडत नाही.

वस्तुस्थिती: बाजारात सहज मिळणारा माल आणि सेवा सरकारी खरेदीच्या ‘जेम’ पोर्टलवर उपलब्ध असतील, तर त्या तिथूनच घ्याव्यात असे वित्तीय नियम क्रमांक १४९ सांगतो. संरक्षण खातेही त्याला अपवाद नाही. २०१६ साली सुरू झालेल्या या पोर्टलवर विक्रेता म्हणून नोंदणी करायला पैसे पडत नाहीत. ती ‘करून देतो’ म्हणून कोणी मोठी रक्कम मागत असेल, तर आधी पोर्टल स्वतः उघडून पाहा.

गैरसमज ३: सर्वांत कमी दर भरला की काम आपले.

वस्तुस्थिती: दोन पाकिटांच्या निविदेत आधी तांत्रिक पाकीट उघडते. माल ठरवलेल्या विनिर्देशांत बसला, तरच दराचे पाकीट उघडले जाते. ‘एल-वन’, म्हणजे सर्वांत कमी दराचा पुरवठादार, ठरतो तो पात्र ठरलेल्यांमधून. दर पाडून घेतलेले काम तपासणीत नापास झाले, तर माल परत येतो आणि नुकसान पुरवठादाराच्याच माथी बसते.

गैरसमज ४: लहान कारखान्याचा मोठ्यांपुढे निभाव लागत नाही.

वस्तुस्थिती: केंद्रीय खात्यांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असे धोरण आहे. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहेत. अशा उद्योगांना बयाणा रक्कम माफ असते. सर्वांत कमी दर मोठ्या कंपनीचा असेल आणि लघुउद्योगाचा दर त्याहून १५ टक्क्यांपर्यंतच जास्त असेल, तर तोच कमी दर मान्य करून पुरवठ्यातला वाटा घेता येतो. मात्र या सवलती उत्पादक व सेवा देणाऱ्यांसाठी आहेत. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांसाठी नाहीत.

पूर्वी खुली निविदा काढण्याआधी आयुध निर्माणी मंडळाचे ना-हरकत पत्र लागे. नव्या नियमावलीने ती अटही काढली आहे. एखादी वस्तू देशात प्रथमच विकसित करणाऱ्याला विकासाच्या काळात विलंबाचा दंड नाही, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत मागणीची हमी देण्याची तरतूद आहे.

गैरसमज ५: बिल अडकले की हात जोडून बसायचे.

वस्तुस्थिती: २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांना माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय असते आणि राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. त्यासाठी उद्यम नोंदणी, माल स्वीकारल्याची पावती आणि पत्रव्यवहार जपून ठेवावा.

गैरसमज ६: कॅन्टीनमधला माल म्हणजे लष्कराची खरेदी.

वस्तुस्थिती: मुंबईत मुख्यालय असलेला कॅन्टीन स्टोअर्स विभाग जवानांना आणि माजी सैनिकांना स्वतःच्या पैशाने घेण्यासाठी माल उपलब्ध करून देतो. सैन्याला शिधा पुरवणे हे निराळे काम, त्याची निविदाही निराळी.

नियम किचकट आहेत, हे खरे. पण हा पैसा जनतेचा आहे आणि वस्तू सीमेवरच्या जवानाच्या हाती जाणार आहे, म्हणून प्रत्येक पायरीवर कागद मागितला जातो. पावसात गळणाऱ्या ताडपत्रीची किंमत तिच्याखाली झोपणारा मोजतो. चांगली ताडपत्री बनवणाऱ्याने ऐकीव भीतीपोटी निविदा भरलीच नाही, तर नुकसान दोघांचेही होते.