जगलेल्या झाडाचे पैसे

म्हैसूरहून हुणसूरकडे निघालं की तांबड्या मातीची रानं सुरू होतात. तंबाखूचे पट्टे, तंबाखू वाळवायच्या उंच भिंतींच्या भट्ट्या आणि बांधाबांधावर सरळसोट वाढलेले सिल्व्हर ओक. भट्टीला लाकूड लागतं, घराला लाकूड लागतं, पोरीच्या लग्नाला पैसा लागतो, आणि या तिन्ही वेळी बांधावरचं झाड उपयोगी पडतं. इथल्या शेतकऱ्याला झाडाचं महत्त्व कुणी समजावून सांगावं लागत नाही. अडचण असते ती पहिल्या तीन वर्षांची. रोप तग धरीपर्यंत पाणी, कुंपण आणि राखण यांचा खर्च खिशातून करावा लागतो आणि उत्पन्न मात्र शून्य असतं.

नेमकी हीच तीन वर्षं डोळ्यांसमोर ठेवून कर्नाटकच्या वनखात्याने 2011-12 मध्ये 'कृषी अरण्य प्रोत्साह योजने' सुरू केली.   योजनेची मांडणी साधी आहे आणि माझ्या मते हुशारीची आहे. शेतकऱ्याने नोंदणी करायची, खात्याच्या रोपवाटिकेतून सवलतीच्या दरात रोपं न्यायची, आपल्या रानात लावायची. पैसे रोप लावल्याबद्दल मिळत नाहीत, रोप जगल्याबद्दल मिळतात. सुरुवातीला प्रत्येक जिवंत रोपामागे पहिल्या वर्षाअखेर 10, दुसऱ्या वर्षी 15 आणि तिसऱ्या वर्षी 20 रुपये असा दर होता. एकूण 45. पुढे तो वाढून 100 झाला आणि नंतर 35, 40 आणि 50 मिळून 125 रुपयांवर गेला.

वृक्षारोपणाच्या सरकारी कार्यक्रमांत खड्डे मोजले जातात, लावलेली रोपं मोजली जातात आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथे काय उरलं हे विचारायला कुणी फिरकत नाही, हा आपला जुना अनुभव. या योजनेने ती खोड मोडली. पण त्यासाठी सगळी जोखीम शेतकऱ्याच्या अंगावर टाकली. समजा एकाने 400 रोपं लावली. पहिल्या उन्हाळ्यात शंभर गेली, तीनशे उरली. म्हणजे 35 रुपयांप्रमाणे 10,500 रुपये. मेलेल्या शंभरांवर घातलेलं पाणी, त्यांच्यासाठी खणलेले खड्डे, ते सगळं त्याचं त्याने सोसायचं. हा सौदा त्याने मान्य केला, कारण समोरून शब्द मिळाला होता: जेवढी जगवशील तेवढ्यांचे पैसे देऊ. मग ते पैसेही वेळेवर आले नाहीत, तर सौद्यात त्याच्या बाजूला उरतं तरी काय?

पैसे रखडतात ही तक्रार या योजनेच्या मागे सतत आहे. ती समजून घ्यायची तर पैसा कुठून कुठे जातो ते पाहावं लागतं. आधी मोजणी. वनखात्याचा माणूस रानात येतो, ओळीओळीने फिरून जिवंत रोपं मोजतो. बांधावर एका रांगेत लावलेली झाडं मोजणं सोपं. पण नाचणीच्या रानात, नारळाच्या बागेत, कुंपणाच्या कडेला विखुरलेली रोपं मोजायला अख्खा दिवस जातो. याच माणसांकडे नागरहोळे आणि बंडीपूरच्या जंगलांच्या सीमेवर हत्ती गावात शिरला तर धावायचं काम आहे, वणव्याचं काम आहे. हेग्गडदेवनकोटे तालुक्यात फेब्रुवारी-मार्च हा आग सांभाळायचा काळ, आणि सरकारी वर्ष संपतं 31 मार्चला. मोजणी मागे पडली की बिल मागे पडतं, बिल मागे पडलं की त्या वर्षीची तरतूद संपते, आणि मग पुढच्या अर्थसंकल्पाची वाट पाहायची. झाडाला मात्र हे वर्ष माहीत नसतं. म्हैसूरकडे मे महिन्यात वळवाचा चांगला पाऊस होतो, मग पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जोर धरतो. रोपाचं वर्ष पावसापासून पावसापर्यंत, तिजोरीचं वर्ष एप्रिलपासून मार्चपर्यंत. या दोन पंचांगांचा मेळ कुणी घातलाच नाही.

मोजणी झाली, मंजुरीही झाली, तरी कागद उरतोच. कर्नाटकात सातबाऱ्याच्या जागी 'पहाणी' असते. ती अजून आजोबांच्या नावावर, राबतो नातू, आणि बँकेचं खातं त्याच्या आईचं, अशी घरं आपल्याकडे जशी आहेत तशी तिकडेही. त्यात बँकाच बदलल्या. विश्वेश्वरय्यांच्या पुढाकाराने 1913 मध्ये उभी राहिलेली म्हैसूरची बँक, पुढची स्टेट बँक ऑफ म्हैसूर, 1 एप्रिल 2017 रोजी स्टेट बँकेत विलीन झाली. 2019 आणि 2020 मध्ये विजया, सिंडिकेट आणि कॉर्पोरेशन या कर्नाटकातल्याच तीन बँका दुसऱ्या बँकांमध्ये गेल्या. पासबुकं बदलली, शाखांचे कोड बदलले. तीन वर्षं चालणाऱ्या योजनेत नोंदणीच्या दिवशी लिहून घेतलेला खाते तपशील तिसऱ्या वर्षी तसाच चालेल, असं धरणं धोक्याचं आहे. पैसे परत गेले तर ते शेतकऱ्याला कळवणार कोण, हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. बहुतेक वेळा त्याला एवढंच समजतं की शेजाऱ्याचे आले, आपले नाही आले.

दहा-बारा हजारांची रक्कम शहरात बसून लहान वाटेल. कोरडवाहू शेतकऱ्यासाठी ती उन्हाळ्यातल्या टँकरची आणि तारेच्या कुंपणाची रक्कम आहे. ती दुसऱ्या उन्हाळ्याआधी हातात आली तर दुसऱ्या वर्षीची झाडं जगतात. उन्हाळ्यानंतर आली तर तीच रक्कम मेलेल्या झाडांच्या जागेवर येते, आणि त्या वर्षीच्या मोजणीत आकडा आणखी खाली जातो. म्हणजे उशिरामुळे पैसे नुसते पुढे सरकत नाहीत, कमीही होतात.

जंगलाच्या कडेला हाच अनुभव दुसऱ्या रूपात येतो. हत्ती-रानडुकरांनी पीक तुडवलं तर भरपाई असते, पण अर्ज, पंचनामा, फोटो, खेपा यांत गरीब माणूस दमतो. बंडीपूर-नागरहोळेच्या परिसरात वन्यजीव अभ्यासक कृती कारंत यांनी 2015 मध्ये 'वाइल्ड सेवे' हा उपक्रम सुरू केला. शेतकऱ्याने विनाशुल्क क्रमांकावर फोन करायचा. कार्यकर्ते येऊन नुकसानीची नोंद घेतात आणि अर्ज भरून देतात. भरपाई सरकारच देतं, कार्यकर्ते फक्त कागद पूर्ण करतात. ज्यासाठी वेगळा उपक्रम उभारावा लागला, तो कागद किती अवघड असेल, याचा अंदाज यावरून करावा.

उशिराला किंमत लावता येते, हे कायद्याने आपल्याला पूर्वीच दाखवलं आहे. महाराष्ट्राच्या रोजगार हमीवरून प्रेरणा घेऊन झालेल्या 2005 च्या केंद्रीय कायद्यात मजुरी 15 दिवसांत देण्याचं बंधन आलं, आणि उशिराच्या प्रत्येक दिवसाला थकीत मजुरीच्या 0.05 टक्के भरपाईचा नियम झाला. अंमलबजावणी रडतखडत झाली, तरी मजुराला बोट ठेवायला कलम होतं. खुद्द कर्नाटकाने 2011 मध्ये 'सकाल' कायदा केला. सकाल म्हणजे वेळेवर; आपल्या 'सकाळ'चा सख्खा भाऊ. ठरलेल्या मुदतीत सेवा दिली नाही तर दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500, अर्जदाराला द्यायचे, अशी त्यात तरतूद आहे. झाड जगवणाऱ्याचं देणं अशाच मुदतीत बांधायला हवं.

हे फक्त म्हैसूरचं दुखणं नाही. आपल्याकडे 2018-19 मध्ये आलेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेतही अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असं विभागलेलं आहे आणि पुढचे हप्ते झाडं जगण्यावर अवलंबून आहेत. ठिबकचं अनुदान थकलं म्हणून कृषी कार्यालयात चकरा मारणारे शेतकरी कुठल्याही तालुक्यात भेटतील. श्रीमंत देशांतही हे घडतं: इंग्लंडमध्ये 2005 ची नवी अनुदान पद्धत इतकी कोसळली की मार्च 2006 अखेर दीड अब्ज पौंडांपैकी जेमतेम 15 टक्केच शेतकऱ्यांना पोचले होते. उलट कोस्टारिकासारख्या छोट्या देशाने 1996 च्या कायद्याने जंगल राखणाऱ्यांना पैसे द्यायचं ठरवताना इंधनावरच्या करातला ठराविक वाटा, पुढे 3.5 टक्के, त्यासाठी बांधून दिला. पैसा कुठून येणार हे तिथे आधी ठरलं.

म्हैसूरच्या शेतकऱ्यासाठी मागणं फार मोठं नाही. नोंदणीच्या वेळी त्याच्या हाती जो कागद पडतो, त्यावर तीन तारखा छापाव्यात: मोजणी कधी, मंजुरी कधी, पैसे जमा कधी. मोजणी दसरा-दिवाळीच्या सुमाराला, पाऊस ओसरल्यावर उरकावी, म्हणजे आगीच्या दिवसांत वनरक्षकाला दोन्हीकडे पळावं लागणार नाही आणि मार्चआधी पैसा बाहेर पडेल. जमा न झालेल्या रकमांची गाववार यादी कारण लिहून पंचायतीच्या फळ्यावर लागावी. आणि तारीख चुकली तर दर दिवसाचं व्याज त्याच खात्यात, त्याच रकमेबरोबर यावं. मे महिन्यात वळीव पडला की रोपवाटिकांच्या दारात ट्रॅक्टर पुन्हा उभे राहतील; मागचं थकलेलं देणं त्याआधी चुकतं व्हायला हवं.