रियुनियनचा काळा कातळ

सह्याद्रीत कातळाला हात घालून ज्याने रॉक पॅच चढला आहे, त्याने आयुष्यात एकदा तरी रियुनियनला जावं, असं माझं ठाम मत आहे. मादागास्करच्या पूर्वेला, हिंदी महासागरात असलेलं हे फ्रान्सचं बेट जेमतेम अडीच हजार चौरस किलोमीटरचं. पण बहुतेक भूवैज्ञानिकांच्या मते, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्तस्थानामुळे, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून उष्णता वर येत राहणाऱ्या जागेमुळे, दख्खनचा लाव्हा उसळला, ते आज या बेटाखाली आहे. भारताचा भूखंड त्याच्यावरून उत्तरेकडे सरकत गेला आणि त्या प्रवासाच्या खुणा लक्षद्वीप, मालदीव, छागोस अशा बेटांच्या रूपात समुद्रात मागे राहिल्या. तप्तस्थान आणि दख्खन यांच्या नेमक्या नात्यावर अभ्यासकांचे वाद अजून चालू आहेत, पण या सिद्धांताइतकं समाधानकारक दुसरं उत्तर मला तरी आढळलेलं नाही. मॉरिशस याच मालिकेतलं, सुमारे ऐंशी लाख वर्षांचं बेट. तिथली मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या गणपती बसवतात, तो याच उगमाच्या कातळावर. मॉरिशसहून विमानाने पाऊण तासात रियुनियन येतं.

बेटावर दोन मोठे ज्वालामुखी आहेत. वायव्येचा पितों दे नेज ३,०७० मीटर उंच आणि शांत झालेला; आग्नेयेचा पितों द ला फुर्नेज २,६३२ मीटरचा आणि जगातल्या सर्वाधिक जागत्या ज्वालामुखींपैकी एक. फुर्नेजकडे जायचं तर बेलकोंबच्या कड्यावर उजाडतानाच पोहोचायला हवं. सकाळ चढली की समुद्राकडून ढग येतात आणि पाच पावलांपलीकडचं दिसेनासं होतं. कड्यावरून पाचशेहून अधिक पायऱ्या उतरून आपण थेट महाकुंडाच्या, म्हणजे ज्वालामुखी खचून झालेल्या प्रचंड खळग्याच्या, तळात येतो. तिथे मळलेली वाट नाही, मातीच नाही. खडकावर मारलेले पांढरे ठिपके हीच वाट. पुढचा ठिपका दिसला नाही तर जागीच थांबायचं, मागचा गाठायचा आणि मगच पुन्हा निघायचं. उतरल्यावर थोड्याच अंतरावर फॉर्मिका लिओ हा तांबूस, बसका शंकू लागतो. तो १७५३ च्या उद्रेकातला.

इथे घाई करू नये. खाली बसून कातळ जवळून पाहावा. काही प्रवाह पिळलेल्या दोरखंडासारखे वळ्यावळ्यांचे आहेत, वरची साय काचेसारखी चकाकते आणि बुटाखाली कुरकुरत फुटते. काही प्रवाह मात्र नुसते खरबरीत दगडगोटे. त्यांच्यावर पडलं तर तळहात सोलून निघतो. ताज्या तुकड्यात वायूच्या बुडबुड्यांनी केलेली भोकं दिसतात, कुठे ऑलिव्हिनचे हिरवे कण. अशीच भोकं आपल्याकडे पुण्या-नाशिकच्या खाणींत सापडतात, पण तिथे त्यांत पांढऱ्या, गुलाबी झिओलाइटचे स्फटिक भरलेले असतात. फुर्नेजची भोकं अजून रिकामी आहेत. खडकातून पाणी झिरपत राहायला आणि स्फटिक वाढायला वेळ लागतो, तो या लाव्हाला मिळालेलाच नाही. पितों दे नेजच्या जुन्या खडकात मात्र झिओलाइट आहेत.

एक फरक लक्षात ठेवायला हवा. दख्खनचा लाव्हा मुख्यतः लांबलचक भेगांतून वाहिला आणि आज उरलेला त्याचा पसाराही पाच लाख चौरस किलोमीटरचा आहे. त्यापुढे फुर्नेजचा उद्रेक अगदी किरकोळ ठरतो. तरीही २००७ च्या एप्रिलमध्ये इथल्या दोलोमियू विवराचा तळ तीनशे मीटरहून अधिक खचला आणि लाव्हा किनारपट्टीचा हमरस्ता तोडून समुद्रात गेला. १९७७ मध्ये पितों सेंत-रोज गावात लाव्हाने चर्चला वेढा घातला आणि तो दाराशीच थिजला. त्या उद्रेकानंतर, १९७९ मध्ये इथे ज्वालामुखी वेधशाळा उभी राहिली.

खरी पायपीट आहे ती मधल्या माफातच्या खोऱ्यात. जुना ज्वालामुखी खचून आणि पावसाने कोरला जाऊन पितों दे नेजभोवती माफात, सिलाओस, सालाझी ही तीन प्रचंड खोरी तयार झाली. माफातला मोटाररस्ता नाही. चालत जायचं, नाहीतर हेलिकॉप्टरने. वस्त्यांचं सामानही हेलिकॉप्टरनेच येतं. कॉल दे बफच्या खिंडीतून उतरलं की उंच तामारिन वृक्षांचं रान लागतं, मग ला नुवेल, पुढे मार्ला. मुक्कामाला साधी गीत म्हणजे पांथशाळा, जेवायला भात, डाळ आणि सॉसेजचा झणझणीत रुगाय.

या खोऱ्यात पहिल्यांदा वस्ती केली ती मळ्यांतून पळालेल्या गुलामांनी. कॉफीच्या मळ्यांसाठी मादागास्कर आणि आफ्रिकेतून आणलेली ही माणसं कडे उतरून इथे लपली. त्यांच्यामागे बंदूकधारी शिकारी सोडले जात. माफात हे त्यांच्यातल्याच एका म्होरक्याचं नाव. गुलामी संपली २० डिसेंबर १८४८ ला. त्यानंतर मळ्यांवर मोठ्या संख्येने भारतीय मजूर आणले गेले, त्यांत तमिळ अधिक. आज माफातच्या वाटांवरून चालताना आपण केवळ निसर्ग पाहत नसतो. कडा आणि घळ यांच्या भरवशावर टिकून राहिलेल्या माणसांच्या वाटेवरून चालत असतो. शिवकाळातल्या घाटवाटा ज्याला माहीत आहेत, त्याला हे वेगळं सांगायला नको.

पावसाचा मात्र धाक ठेवावा. १९६६ च्या जानेवारीत बेटावरच्या फॉक-फॉक इथे चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला. तो आजही जागतिक विक्रम आहे. चक्रीवादळांचा हंगाम टाळून मे ते नोव्हेंबर जावं. गीतची जागा काही महिने आधी राखावी. पावसाळी ट्रेकच्या सवयीने इथल्या ओढ्यांत उतरू नये.

आपल्याकडच्या गिर्यारोहण संस्थांना एक विनंती आहे. रियुनियनची मोहीम आखाल तेव्हा खडक वाचता येणारा एक तरी भूशास्त्राचा विद्यार्थी सोबत न्या. आणि उद्रेकाचा इशारा निघून बेलकोंबचं फाटक बंद झालं, तर ते कुणीही ओलांडू नका.