शंखातलं बिऱ्हाड

गोष्ट जुनी आहे, १९९४ सालच्या मे महिन्यातली. आम्ही मालवणला गेलो होतो. मुलगी तेव्हा दुसरीत. ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांमधून ती शंख वेचत होती आणि आम्ही मोठी माणसं कौतुकानं बघत होतो. जवळच जाळं सांधत बसलेले एक आजोबा म्हणाले, "गो बाय, तो ठेव थंयच. रिकामो नाय तो, आत भाडेकरू आसा!" आम्ही हसलो, दोन-तीन शंख परत ठेवलेही. बाकीची पिशवी एस.टी.तून पुण्याला आली.

तिसऱ्या दिवशी घरभर वास सुटला. पिशवी उघडली, तर तीन खेकडे शंखांतून अर्धवट बाहेर येऊन मेलेले. मुलगी रडली नाही. "हे आपण केलं का?" एवढंच तिनं विचारलं. मला उत्तर सुचेना.

तेव्हापासून या प्राण्याविषयी मिळेल ते वाचत आलो. इंग्रजीत याला 'हर्मिट क्रॅब' म्हणतात, म्हणजे संन्यासी खेकडा. नाव अगदीच चुकलं आहे. घराची एवढी विवंचना असलेला दुसरा प्राणी माझ्या तरी पाहण्यात नाही! पुढचं अंग कवचाचं, नांग्यांचं. पण पोट मऊ, उघडं आणि एका बाजूला वळलेलं. शंखाच्या पिळात ते नेमकं बसतं. शेपटीकडचे आकडे आतल्या मधल्या खांबाला धरून ठेवतात, मागचे आखूड पाय शंखाला आतून टेकू देतात. धोका दिसला की स्वारी आत, आणि बऱ्याच जातींत मोठी नांगी दाराला फळीसारखी आडवी.

शंख मात्र त्याचा नव्हे. तो गोगलगायीच्या जातीच्या प्राण्यानं बांधलेला. मालक मेला की घर मोकळं. खेकडा कात टाकून वाढतो, घर वाढत नाही. शंख लहान पडला तर वाढ खुंटते, पुरतं आत शिरताही येत नाही. फार मोठा असला तर ओझं वाहण्यातच ताकद जाते. म्हणून तो जागा नीट पारखून घेतो. नव्या शंखावरून नांग्या फिरवतो, तो गडगडवून बघतो, तोंडातून नांगी-पाय आत घालून अंदाज घेतो, वाळू असली तर काढून टाकतो. मग क्षणार्धात पोट इकडून तिकडे! कधी पसंत पडत नाही, तर पुन्हा जुन्या घरी. (आमचे एक मामा असेच सात जागा बघून शेवटी चाळीतच राहिले.)

एकानं मोठा शंख घेतला की त्याचा जुना शंख दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, अशी साखळी लागते. घरं आणि नोकऱ्या अशाच हातोहात जातात, हे हॅरिसन व्हाइट या समाजशास्त्रज्ञानं १९७० साली मांडलं होतं. पुढे आयव्हन चेस या दुसऱ्या समाजशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तोच हिशेब अमेरिकेतल्या किनाऱ्यावर या खेकड्यांना लावून पाहिला. भांडणंही होतात. हल्ला करणारा आपला शंख दुसऱ्याच्या शंखावर ठकठक आपटत राहतो, आतला कंटाळून घर सोडतो आणि बहुधा हल्लेखोराच्या जुन्या शंखात मुकाट्यानं शिरतो.

जमिनीवर राहणाऱ्या जातींत मेलेल्या भाईबंदाचा वास आला की बाकीचे धावत येतात. वास म्हणजे रिकाम्या घराची खबर. हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर मात्र हीच खबर जिवावर बेतते. किनाऱ्यावर पडलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत एक खेकडा शिरतो, गुळगुळीत भिंतीवरून बाहेर येता येत नाही, तो मरतो. वासानं दुसरा येतो, मग तिसरा. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथं अशा अडकलेल्या खेकड्यांचा आकडा सुमारे ५ लाख ८ हजार धरला होता. आणि २०२४च्या एका पाहणीत संशोधकांना छायाचित्रांमधून ३८६ खेकडे शंखाऐवजी माणसानं टाकलेल्या वस्तू पाठीवर वागवताना दिसले. त्यांत बहुतेक प्लास्टिकची झाकणं होती.

त्या पिशवीतले उरलेले शंख आमच्या शोकेसमध्ये होते. पुढल्या वर्षी मालवणला जाताना मुलीनं ते आठवणीनं बरोबर घेतले आणि त्याच डबक्यात एकेक करून सोडले. दुसऱ्या दिवशी ओहोटीला आम्ही बघायला गेलो, तर दोन शंख जागेवर नव्हते. "लाटेनं नेले असतील," मी म्हणालो. तिला ते मुळीच पटलं नाही. ती गुडघाभर पाण्यात वाकून प्रत्येक हलणारा शंख न्याहाळत राहिली.