भाताचें शेत आणि मातींतलें जस्त

जस्ताचा मुलामा दिलेली बादली एके काळीं घरोघरींच्या न्हाणीघरांत असे. परंतु तेंच जस्त भाताच्या रोपालाही लागतें, हें फारसें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. रोपाची ही गरज अगदीं थोडी. पण ती भागली नाहीं, तर भरल्या शेताची रया जाते.

हिमालयाच्या पायथ्याशीं, तराईच्या प्रदेशांत, याचा प्रत्यय आला. लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांनीं भाताच्या खालच्या पानांवर तांबूस ठिपके उमटत आणि रोपें खुजीं राहत. काताच्या रंगाच्या या विकाराचें नांव 'खैरा'. हा एखादा सांसर्गिक रोग असावा, असें वरवर पाहणारास वाटावें. परंतु पंतनगरच्या कृषि विद्यापीठांतील वनस्पतिरोगतज्ज्ञ डॉ. य. ल. नेने यांनीं १९६६ सालीं दाखवून दिलें कीं, हा दोष जंतूंचा नसून जस्ताच्या उणिवेचा आहे.

मग त्या मातींत जस्त नव्हतेंच काय? तसें नव्हे. सामान्यतः मातीच्या दहा लक्ष भागांत जस्ताचे सुमारें पन्नास भाग असतात. पण त्यांतील बहुतेक खनिजांत आणि चुन्यांत जखडलेले असतात. तिजोरींत धन असावें आणि किल्ली हातीं नसावी, तशी मुळांची स्थिति होते. म्हणून एकंदर जस्त मोजून भागत नाहीं. मुळांना मिळण्याजोगें किती, हें पाहावें लागतें.

यासाठीं लिंडसे व नॉर्वेल या अमेरिकन शास्त्रज्ञांची १९७८ सालीं प्रसिद्ध झालेली रीत सर्वत्र प्रचलित आहे. वाळवून चाळलेली दहा ग्रॅम माती 'डीटीपीए' नामक द्रव्याच्या वीस मिलिलिटर द्रावणांत दोन तास हालवितात. खेकड्यानें नांगींत भक्ष्य धरावें, तसें हें द्रव्य सैल जस्ताला धरून ठेवतें. द्रावणाची आम्लता ७.३ या अंकावर स्थिर राखलेली असते, म्हणजे चुना विरघळून त्यांत कोंडलेलें जस्त बाहेर येत नाहीं. मग द्रावण गाळून यंत्रानें जस्त मोजतात. दहा लक्ष भागांत ०.६ भागांहून कमी आढळल्यास भारतांत सामान्यतः ती जमीन उणी समजतात.

नमुना घेतांना मात्र जस्ती बादली वर्ज्य! तिच्यांतलें जस्त मातीस लागलें, तर उपाशी जमीनही भरल्या पोटाची दिसेल. प्लॅस्टिकचें भांडें वापरावें.

आणखी एक मेख आहे. परीक्षा होते कोरड्या मातीची, आणि भात उभा असतो पाण्यांत. पाणी तुंबलें कीं मातीचें रसायन पालटतें आणि जस्त अधिकच दुर्मिळ होऊं शकतें. म्हणून आंकड्याबरोबर जमिनीची आम्लता, चुना आणि पाण्याचा निचराही जाणत्यानें पाहावा. उणीव ठरल्यास हेक्टरीं सुमारें पंचवीस किलो झिंक सल्फेट देण्याची शिफारस असते. निदान चुकल्यास मात्र औषधाचा खर्च वायां जातो आणि हंगाम कोणासाठीं थांबत नाहीं.