प्रवासास हलका कॅमेरा

सहकुटुंब प्रवासासाठी कॅमेरा घेताना केवळ वजन पाहू नये, असे आमचे मत आहे. धुळ्याजवळील लळिंगचा किल्ला चढताना अर्ध्या किलोचे यंत्र बरे. उन्हात कोणतेही भिंग चालते. परंतु जळगावाहून अजिंठ्यास गेल्यास लेण्यांत उजेड मंद, आणि दीड हजार वर्षांच्या चित्रांच्या रक्षणार्थ फ्लॅशला मनाई! तेथे एफ/२ चे भिंग एफ/४ च्या चौपट प्रकाश घेते; हाताचा कंप सावरण्याची सोयही हवी. चाळीसगावच्या केकी मूस (१९१२–१९८९) यांनी वर्षानुवर्षे घराबाहेर क्वचितच पडून उत्तम छायाचित्रे घडविली, ती प्रकाश ओळखूनच. सबब वाचकांनी आधी भिंग पारखावे, मग वजन. आणि फ्लॅश मिटलेलाच ठेवावा. चित्रे नातवंडांनाही पाहावयाची आहेत.