बायकांची बराक
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

तुरुंग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पुरुष कैदी उभा राहतो. तुरुंग बांधणाऱ्यांच्या डोळ्यांपुढेही तोच होता. 1894 च्या कारागृह कायद्याने स्त्रियांच्या बाबतीत ठळकपणे बजावले ते एवढेच, की त्यांना पुरुषांपासून इतके वेगळे ठेवा, की बोलणे सोडाच, दृष्टभेटही होऊ नये. मग पुरुषांच्या तुरुंगातच एका कोपऱ्यात भिंत घातली गेली आणि बायकांची बराक तयार झाली. दवाखाना, कारखाना, वाचनालय बहुधा भिंतीपलीकडेच राहिले.

आपल्याकडे येरवडा आणि भायखळा ही महिला कारागृहांची नावे तुम्ही ऐकली असतील. येरवड्यात 1932 साली सरोजिनी नायडू होत्या. पण सत्याग्रही बायकांच्या पाठीशी निदान बाहेर बोलणारी माणसे होती. मी विधी सेवेच्या कामासाठी कारागृहात जाते, तेव्हा भेटणाऱ्या बहुतेकींना आपल्या वकिलाचे नावही सांगता येत नाही.

या बायकांचे म्हणणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले ते पत्रकार शीला बर्से यांच्यामुळे. मुंबईच्या तुरुंगात त्या 15 स्त्रियांशी बोलल्या. त्यांतल्या 5 जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बर्से यांचे पत्रच न्यायालयाने याचिका मानले. 1983 च्या निकालाने महिलांसाठी वेगळी कोठडी, तिथे महिला पोलिसांचा पहारा आणि चौकशीच्या वेळी महिला पोलिसांची हजेरी असे आदेश दिले. एका पत्रातून एवढे निघाले! पुढे 1987 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर समितीचा स्त्री कैद्यांवरील अहवाल आला. 2006 मध्ये न्यायालयाने सांगितले, की आईबरोबर राहणारे मूल कैदी नव्हे. सहा वर्षांपर्यंत ते आईजवळ राहू शकते, त्याच्यासाठी पाळणाघर हवे, आणि आत जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर जन्मस्थान म्हणून तुरुंग लिहायचा नाही.

सहा वर्षांनंतर काय, हा प्रश्न मात्र उरतोच. नवरा तुरुंगात गेला तर बायको पोरे सांभाळते, मुलाखतीच्या रांगेत पिशवी घेऊन उभी राहते. बाई आत गेली की अनेकदा घरच मोडते. एक मूल मामाकडे, दुसरे संस्थेत. भेटीला कोणी येत नाही. लाज वाटते म्हणतात. (मुलाने गुन्हा केला तर इतकी लाज वाटत नसावी.)

2022 च्या अखेरीस देशात 5 लाख 73 हजारांवर कैदी होते. त्यांत स्त्रिया सुमारे 24 हजार, म्हणजे शंभरात चार. आकडा लहान म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष होते, असे मला वाटते. खास महिलांची कारागृहे देशभरात थोडीच. बाकीच्या बायका अजून त्या कोपऱ्यातल्या बराकीत. आणि नुसती वेगळी इमारत पुरत नाही. 2017 मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहातच एका कैदी स्त्रीचा मृत्यू झाला आणि तिथल्या कर्मचारी महिलांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला.

तुरुंगातले बहुसंख्य लोक कच्चे कैदी असतात, म्हणजे खटला अजून चाललेलाच असतो. त्यांतल्या काहींना जामीन मंजूरही झालेला असतो. कोर्टाचा हुकूम आहे, पण बाई आतच. कारण जामीनदार नाही. जामीनदाराला कागदपत्रे आणि ऐपत दाखवावी लागते, आणि माहेर-सासर दोन्ही तुटलेल्या बाईसाठी कोण सही करणार? जातमुचलक्यावर सोडता येते, पण तसे कोर्टाकडे मागावे लागते.

जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृहाने ते विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. त्याच वर्षी केंद्राची गरीब कैद्यांसाठीची योजना आली. योजना आली तेव्हाच्या नियमांनुसार जिल्हा समितीने मान्य केले, तर कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी 40 हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी 25 हजारांपर्यंत मदत मिळू शकत होती. पण हे सात दिवस कोणीतरी मोजावे लागतात. म्हणून बराकीत गेले की मी गुन्हा विचारत नाही. आधी विचारते, ‘बाई, जामिनाच्या हुकुमाची तारीख कोणती?’